गोळीची वेळ

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा भाजल्यानंतर त्यांच्या कोपरात जे नको ते हाड तयार झालं, त्याबद्दल फोनवर नीट बोलणं होत नाही. मी अर्ध्यावर असते तोवर बाबा म्हणतात, "ते सगळं राहू दे, गोळी कुठली ते सांग." म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाच आणि बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

बाबा, आधी उत्तर देते. कोपरात तयार झालेलं हाड विरघळवेल अशी गोळी नाही. मी सर्जनना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागत असावा. औषधं आहेत, पण ती हाड धरायच्या आधीची. धरल्यावर ती काही करू शकत नाहीत.

आता ते का, ते सांगते. या दुखण्याला हेटरोटोपिक ऑसिफिकेशन म्हणतात. म्हणजे जिथे हाड असायचं नाही तिथे, स्नायू आणि सांध्याच्या आजूबाजूला, खरंखुरं हाड तयार होणं. भाजल्यावर सगळ्या शरीरात जो दाह पेटतो, त्यात मऊ भागातल्या काही पेशी वाट चुकतात आणि हाड बनवू लागतात. तुम्ही परवा म्हणालात ना, की उजव्या कोपराची कातडी तर भाजलीच नव्हती, मग तिथेच का? कोड्यात टाकणारं आहे खरं, पण असं होतं. भाजलेल्या माणसांत हे हाड सगळ्यात जास्त कोपरातच येतं, तिथली त्वचा भाजलेली असो वा नसो. शरीराचा 30 टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल, बरेच दिवस अंथरुणात काढले असतील, तर धोका वाढतो. तुमचं दोन्ही झालं होतं. तरीही असे बहुतेक रुग्ण यातून सुटतात, त्यामुळे ते कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही.

आई, हे खास तुझ्यासाठी. "मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला नाही म्हणून झालं" असं तू मावशीला म्हणालीस, ते माझ्या कानावर आलं. तसं नाही. आणि त्यांचं दूध बंद केलंस तेही पुन्हा सुरू कर. रक्तात कॅल्शियम जास्त झालं म्हणून हे हाड होत नाही. त्यांच्या तपासणीत कॅल्शियम ठीकच आहे. जखमा भरायला त्यांना उलट नीट खायला हवं.

मग तेव्हाच औषध का दिलं नाही, हा बाबांचा राग. मलाही आला होता, खोटं कशाला बोलू. पण औषधं एकेक करून पाहिली तेव्हा तो बराचसा उतरला. इंडोमेथासिन हे जुनं दाह कमी करणारं औषध. खुब्याचा सांधा बदलल्यावर असं हाड येऊ नये म्हणून ते ऑपरेशननंतर लगेच सुरू करतात आणि काही आठवडे देतात. हाड बनायला लागणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ते रोखतं. पण तेच औषध पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं. मोठ्या भाजण्यात जठरात व्रण व्हायचा धोका मुळातच असतो, आणि बाबा, पहिल्या दोन आठवड्यांत तुमच्या लघवीचा थेंब न् थेंब मोजत होते, आठवतं? तेव्हा ती गोळी देणं म्हणजे हात वाचवायला जाऊन मूत्रपिंड घालवणं झालं असतं.

दुसरं इटिड्रोनेट. हे कच्च्या हाडात क्षार बसू देत नाही. ऐकायला छान वाटतं, पण भिंत बांधायची थांबत नाही, फक्त गिलावा अडतो. गोळी बंद केली की उरलेलं काम पुन्हा सुरू होऊ शकतं. भाजलेल्या रुग्णांत त्याचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही.

आणि बाबा, तुम्ही पाठवलेली ती बातमी. पॅलोव्हॅरोटीन खरं औषध आहे. अमेरिकेत 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ती एफओपी नावाच्या फार दुर्मिळ जन्मजात आजारासाठी, जिथे जनुकातल्या बिघाडामुळे स्नायूंची हाडं होत जातात. भाजण्यासाठी नाही. मला स्वतःला दुसरंच एक संशोधन जास्त आवडलं. 2014 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांवर पाहिलं, की जखम पाठीवर भाजल्याची आणि नको ते हाड पायात, जिथे स्नायूबंध कापला होता. भाजलेल्या जागी एटीपी नावाचं, पेशींना ऊर्जा पुरवणारं द्रव्य वाढतं. तिथे अपायरेझ हे विकर लावून ते मोडलं, तर लांब पायातलं हाड कमी झालं. म्हणजे पाठीवर मलम आणि गुण पायाला! तुमच्या न भाजलेल्या कोपराचं कोडं मला तिथे थोडं उलगडल्यासारखं वाटलं. पण ते उंदीर होते, आणि त्यांनाही औषध वेळेवर लावलं होतं.

आता एक विनंती, खरं तर दम आहे. कोपर जोर लावून सरळ करून देणारा जो माणूस काकांनी सुचवला आहे, त्याला दारातूनच परत पाठवा. ओढाताणीने आतले स्नायू फाटतात, पुन्हा दाह होतो, आणि प्रसंगी ते हाडच मोडतं. फिजिओ सांगतात तेवढंच, दुखणार नाही इतकंच, पण रोज.

आणि बाबा, करंगळी. मागच्या रविवारी तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "करंगळी झोपलेलीच असते हल्ली," आणि विषय बदललात. मी रात्रभर त्याचाच विचार केला. कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते, ती करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला संवेदना देते. हाड तिच्यावर दाबत असेल तर थांबून चालणार नाही. आईला सांगितलं नव्हतंत, म्हणून आता इथे लिहिलं. रागवा माझ्यावर.

ऑपरेशनसाठी पूर्वी हाड पिकेपर्यंत वर्ष-दीड वर्ष थांबवत असत. आता जखमा भरल्या, सूज उतरली, तर त्याआधीही करतात, आणि नस दबत असेल तर घाई करतात. हाड काढल्यावर ते पुन्हा येऊ शकतं, आणि तिथे तुमच्या गोळीची वेळ परत येते. मूत्रपिंडाचे अहवाल चांगले असतील, तर सर्जन तेव्हा पोटाच्या संरक्षणाच्या गोळीबरोबर इंडोमेथासिन द्यायचा विचार करणार आहेत. म्हणून आत्ता स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. कपाटातली ती पट्टी मला माहीत आहे.

मंगळवारची वेळ घेतली आहे, मी येते आहे. आई, पहिले एक्स-रे आणि रक्ताचे सगळे कागद एका पिशवीत घालून ठेव. बाबा, तोवर डाव्या हाताने दाढी करू नका. मी आले की करून देईन.

तुमची,
धाकटी