गिल्मोरच्या एकट्याच्या अल्बमबद्दलपण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवर येतं ते आवडीने वाचतो, पण त्यांचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोरच्या ‘ऑन अ‍ॅन आयलंड’ या एकट्याच्या अल्बमवर कुणी लिहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. ६ मार्च २००६ला, बरोब्बर त्याच्या साठाव्या वाढदिवशी आला आणि ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. बरेचसे शब्द बायकोचे, पॉली सॅमसनचे.

लोक म्हणतात फार संथ आहे. अहो, विलंबित ख्याल ऐकणाऱ्या पुण्यात संथ हा दोष कधीपासून झाला? रात्री कर्वे रोडची गर्दी ओसरली की मी गॅलरीत हेडफोन लावून बसतो, आणि टायटल गाण्यात तो तार ओढून एकच सूर हळूहळू वर नेतो ना, अगदी आपल्या मींडेसारखा, सवाईला बसून कान तयार झालेल्या माणसाला ते लगेच भिडतं, कुठे घाई नाही की बोटांची तयारी दाखवायची हौस नाही. मागे डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या गायकांचे आवाज, आणि ऑर्गनवर पिंक फ्लॉइडचाच रिक राइट, जो २००८मध्ये गेला, म्हणून ते गाणं आता अजूनच आत जातं.

गिटार कळणाऱ्या कुणाकडून तरी यावर एक मोठा लेख लिहून घ्याच, प्लीज.

— एक वाचक, कोथरूड, पुणे