पेट्या वाटल्या, आता फवाऱ्याची वेळही ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२० मे, जागतिक मधमाशी दिनाला मधपेट्या वाटल्याचे फोटो आपल्या अंकात पाहिले. पेटी मिळते, अनुदानही मिळतं. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत निम्मे पैसे आपले, निम्मे सरकारचे. पण पेटी घरी नेल्यावर माश्या वर्षभर खाणार काय आणि शेजारच्या फवाऱ्यातून वाचणार कशा, हे कोण सांगणार?

माझी साडेतीन एकर शेती. दोन गायी, पाच शेळ्या आणि एकरभर कांद्याचं बियाणं. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, त्याच फुलातला स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे माशी फिरल्याशिवाय फुलांचा गोंडा बियांनी भरत नाही. म्हणून चार पेट्या ठेवल्या. गेल्या फेब्रुवारीत गोंडे ऐन फुलात असताना बांधापलीकडच्या कांद्यावर फुलकिड्यांसाठी सकाळी दहाला फवारा झाला. दुपारी पेट्यांच्या दारापुढे ओंजळी भराव्यात इतक्या माश्या पडलेल्या. काही जिवंत होत्या, जागच्या जागी गरगरत होत्या. शेजाऱ्याला काय बोलणार? फवारणारा गडी त्याला सकाळीच मिळतो. आदल्या दिवशी नुसता निरोप आला असता, तरी सांजेला माश्या परतल्यावर दाराला जाळी लावली असती.

गुरांचं आणि माश्यांचं जमतं, थोडं सांभाळावं लागतं इतकंच. गोठ्याजवळ पेटी ठेवू नये. माश्या चवताळल्या तर दाव्याची गाय पळणार कुठे? उन्हाळ्यात माश्या गुरांच्या हौदावर येतात आणि बुडतात. मी हौदात गोणपाट सोडून ठेवतो, त्यावर बसून पाणी पितात. गुरांच्या चाऱ्याचा लसूणघास आपण फुलावर यायच्या आत कापतो. मी दोन वाफे राखतो, माश्यांना फुलं आणि मला घरचं बी. (गायीच्या तोंडचं काढून माशीला घालतो, असं घरात ऐकावं लागतं. असो.) पूर्वी ज्वारीत करडईचे पाटे, म्हणजे मधले पट्टे, असायचे, ते गेले. बांधावरची करंज, बोर, जांभूळ ट्रॅक्टरला आडवी येतात म्हणून गेली. नुसत्या उसाच्या शिवारात पेटी ठेवून माशीनं करायचं काय?

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. तिथं भोवती जंगल आहे, कारवी आहे, हिरडा आहे. आमच्या पारनेरच्या माळावर ते कुठून आणायचं? निदान गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करावा की फुलोऱ्यातल्या पिकावर फवारा सांजेलाच, माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप. याला अनुदान लागत नाही. कृषी खात्यानं लाभार्थ्यांच्या यादीबरोबर हाही कागद गावात धाडावा. पेटी देताना घेणाऱ्याच्या बांधावर शेवग्याची चार झाडं तरी आहेत का, तेही बघावं.

चारातल्या दोन पेट्या माझ्याकडे उरल्यात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे, शेजारीही येतो म्हणालाय.

– एक शेतकरी वाचक, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर