रणरागिणी नको, हाताबद्दल छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की आपल्या पुरवणीत गुलाबी फीत आणि 'कर्करोगाला हरवणाऱ्या रणरागिणी' हटकून येतात. मीही स्तनाच्या कर्करोगातून उठले आहे. पण हरवलं वगैरे काही नाही हो. बोलावलं त्या तारखेला जाऊन खुर्चीत बसले आणि सलाइन संपायची वाट पाहिली, एवढंच.

याला तीन वर्षं झाली. केस परत आले तेही कुरळे. ओळखीच्या एकीने कौतुकाने पार्लरचा पत्ता विचारला! 'आता बरी झालीस ना?' असं लोक विचारतात तेव्हा हो म्हणते. टॅमॉक्सिफेनची गोळी मात्र रोज चालू आहे. ती किमान 5 वर्षं घ्यायची असते, काहींना 10. आजार उलटू नये म्हणून ती पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ देत नाही. त्यापायी रात्री दोनला अंगातून वाफा निघतात, पांघरूण भिरकावते आणि पाच मिनिटांत कुडकुडत तेच शोधते.

माझी खरी तक्रार हाताची आहे. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या की हातातलं पाणी नीट वाहून जात नाही, सूज येते. ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येऊ शकते, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. घड्याळाचा पट्टा सकाळी तिसऱ्या भोकात, संध्याकाळी चौथ्यात, तरी मला वाटायचं, वजन वाढलंय. फिजिओथेरपिस्टने दोन्ही हात टेपने मोजले तेव्हा उलगडा झाला. आता घट्ट बाही चढवते, व्यायाम करते, घड्याळ उजव्या हातात बांधते.

आणखी एक, जे लिहावं की नाही असं वाटत होतं. बाहेर जाताना मी सिलिकॉनचा स्तन लावते, घरात नाही. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याच्या वजनाचं नवल वाटलं होतं. दाराची बेल वाजली की आधी कपाटाकडे धावायची. मग बाहेरचा माणूस कंटाळून निघून जायचा. हल्ली तशीच जाऊन दार उघडते. समोरचा क्षणभर गोंधळतो, कधी मीही.

यंदा माझ्यासारखीचा फोटो नको. त्या जागेत हाताची सूज कशी ओळखायची आणि खांदा आखडू नये म्हणून व्यायाम कधी सुरू करायचे, हे एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या बाईच्या ते आधी वाचनात यावं.

आपली,
एक वाचक