आईची टाच आणि गुरुवारचा नंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, गुरुवारी सकाळी अकराला साताऱ्यात हाडांच्या डॉक्टरांकडे तुझा नंबर लावलाय. तुला न विचारता. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, पाडवा होऊ दे. मग कैऱ्या, मग पापड. फी भरून झाली आहे, गाडी नऊला दारात येईल. वाईहून तास-सव्वा तास, येताना जेवायला घरीच. बाबांच्या जेवणाची वेळ चुकणार नाही.

एवढ्याशा टाचेला डॉक्टर कशाला, हे ऐकू येतंय मला. पण परवा व्हिडिओ कॉलवर पोळ्या लाटताना तू डाव्या पायाच्या चवड्यावर उभी होतीस, आणि संकष्टीला ढोल्या गणपतीला गेली नाहीस. तू! मग मी स्वस्थ कशी बसणार?

सकाळची पहिली पावलं जीव घेतात, चाललं की मोकळं होतं, बसून उठलं की पुन्हा तेच, असं तू सांगतेस. माझी फिजिओथेरपिस्ट मैत्रीण म्हणाली, टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याला एक जाड पट्टा असतो, तो टाचेशी दुखावला की असं होतं. रात्री आखडतो, पहिल्या पावलाला ताणला जातो. पण फोनवर ऐकून ती नाव देईना. तुला साखर आहे, नसांचं दुखणंही पायातच येतं, म्हणून पाय हातात घेऊन बघायलाच हवा.

काकूचं आठवून घाबरू नकोस. ते वेगळं होतं. या दुखण्यात ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांना व्यायामानं आणि मऊ चपलेनं काही महिन्यांत आराम पडतो. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं आलं तरी धसका घेऊ नकोस, न दुखणाऱ्या टाचांतही ते दिसतं. इंजेक्शनचं निघालं तर लगेच हो म्हणू नका, आधी मला फोन लावा.

तुझ्या टाचांच्या भेगांत कोकमतेल भरायचं काम माझं असायचं, आठवतं? पळीत वितळवून तू द्यायचीस आणि गुदगुल्या झाल्या की पाय ओढून घ्यायचीस. तेच पाय आहेत, म्हणून इतकी मागे लागलेय.

आता बाबा, तुमच्यासाठी. तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून तुम्ही रोज तिची टाच शेकता. कौतुकच आहे, इतकं कोण करतं! पण डॉक्टर बघेपर्यंत ते थांबवा. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली असली तर भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं, आणि ती जखम लवकर भरत नाही. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही बंद. तिच्या बीपीला आणि मूत्रपिंडांना त्या बऱ्या नाहीत. पाकीट मात्र सोबत न्या, दाखवायला. साखरेचे रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत.

घरात घालायला मऊ सपाता पाठवल्यात. स्वयंपाकघरात चप्पल नको, हे माहीत आहे. या कोऱ्या आहेत, उंबऱ्याबाहेर न्यायच्याच नाहीत, देवघरापाशी काढ. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहणं आता पुरे. भाजी निवडायला खुर्ची घे. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पाय लांब करून पंचा चवड्याला अडकव आणि गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट हळू ओढ. दुखेल इतकं नको. पुढचे व्यायाम तिथले फिजिओथेरपिस्ट शिकवतील, बाबांनी ते वहीत उतरवायचे. रागावलीस तर रागाव, पण गाडीत बसून रागाव.

तुमची,
मनू

ता. क. डॉक्टरांनी कधीपासून दुखतंय विचारलं की आई ‘चारेक दिवस झाले’ म्हणेल. बाबा, तुम्ही लगेच ‘दिवाळीपासून’ म्हणा.