ऑइलगळती: आधी जागा शोधा

महोदय,

जुन्या गाडीखाली अचानक ऑइलचे थारोळे दिसले की थेट इंजिन उतरवायची भाषा सुरू होते. ही घाई चुकीची आहे. ऑइल ओघळते, वाऱ्याने मागे पसरते. थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. इंजिन धुऊन, वाळवून 10-15 मिनिटे चालू ठेवा आणि टॉर्चने सर्वांत वरची ओली जागा शोधा. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर पहिला संशय ऑइल फिल्टरवर: जुनी रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर दाबाने ऑइल भसाभस बाहेर येते. मग ऑइल प्रेशर स्विच (ऑइलचा दाब ओळखणारा), टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग तपासा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू बाहेर काढणारी झडप) तुंबला असेल तर आतला दाब वाढून नवे सीलही गळते. ऑइलचा लाल दिवा लागताच मात्र इंजिन बंद करा, गाडी टो करूनच न्या.

— एक मोटार मेकॅनिक