आमचा मेगाब्लॉक

न्यू जर्सी,
१४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मुद्दाम पत्रच लिहितेय, कारण फोनवर आई मध्येच रडायला लागते आणि बाबा "बरं बरं, बिल वाढतंय" म्हणून ठेवून देतात. (बाबा, व्हॉट्सॲपचं बिल येत नाही. हे तिसऱ्यांदा सांगतेय.)

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप बऱ्यापैकी. थंडी आहे, पण सोसण्यासारखी. परवा भरताचा घाट घातला होता. बामणोदची हिरवी वांगी इथे कुठली मिळायला! जांभळं वांगं गॅसवर धरलं तर धुराने इमारतीचा अलार्म वाजला आणि शेजारचे तिघं अंगात कोट चढवून खाली उभे. भरीत मात्र झकास झालं.

आता तो व्हिडिओ. आई, रोलर कोस्टरच्या चढावर गाडी अडकली आणि लोक जिन्याने उतरतायत, तो व्हिडिओ मला तुझ्याकडून दोनदा, मावशीकडून एकदा आणि 'जय श्रीराम परिवार'वर तीनदा आलाय. तुला वाटतं राइड बिघडली आणि माणसं थोडक्यात वाचली. बाबांना विचार, सिग्नल पडला नाही म्हणून गाडी आउटरला उभी राहिली तर ती बिघडलेली असते का? अगदी तसंच आहे हे. अख्ख्या रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याचं कळल्याशिवाय मागची सुटत नाही. बाबांनी भुसावळला तीस वर्षं 'लाइन क्लियर' घेतल्याशिवाय गाडी सोडली नाही, इथे ते काम कॉम्प्युटर करतो. दोन सेन्सरचं एकमेकांशी पटलं नाही, तरी तो सगळं थांबवतो. चढावर खटखट आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या लोखंडी खिट्टीचा. साखळी तुटली तरी गाडी त्या दातांवर टेकून राहते. उतरायला बाजूला जिना असतो, कारण असा प्रसंग येणार हे बांधणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. तेव्हा कृपा करून सातव्यांदा पाठवू नकोस.

आणि जत्रेतला पाळणा वेगळा. गोट्यामामा म्हणतात ना, "पोरगी अमेरिकेला जाऊन पाळणे फिरवते." तर मामांना सांगा, फिरवणारे वेगळे. ते उन्हाळ्यात असतात, बहुतेक कॉलेजची पोरं. प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा हाताने ओढून बघायचा आणि गाडी सोडायची, हे त्यांचं काम. बऱ्याच ठिकाणी सोडताना दोघांनी दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात, एकाने हात काढला की गाडी जागची हलत नाही. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी मेकॅनिक रूळ चालून बघतात (तुमचा कीमन खांद्यावर हातोडा टाकून जायचा तसेच), रिकाम्या गाड्या फिरवतात, मग वहीत सही. गाडी नवी असेल तर माणसांच्या जागी पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे बसवून फिरवतात. ते बघताना मला दरवेळी गणपती विसर्जनाच्या ट्रकवर दाटीवाटीने बसलेली मंडळी आठवतात.

मी येते ती हिवाळ्यात, पार्क बंद झाल्यावर. गाड्या रुळावरून उतरवून शेडमध्ये आणतात आणि पार सुट्या करतात. प्रत्येक डब्याला तीन दिशांची चाकं असतात. वरची वजन घेतात, बाजूची वळणावर सांभाळतात आणि रुळाच्या खालून धरलेली डबा उडू देत नाहीत. या खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या माणसाने १९१९ साली घेतलं. त्या आधीच्या गाड्या रुळावर नुसत्या ठेवलेल्या असत! असा एक लाकडी कोस्टर पेनसिल्व्हेनियात अल्टूना गावी आहे, १९०२ सालचा. बाबा, अल्टूना म्हणजे इथलं भुसावळच. रेल्वे कंपनीने वसवलेलं गाव. तुम्ही आलात की आधी तिथे नेणार.

तर माझं काम. ॲक्सल, चाकांचे आडवे दांडे, पिना, सगळं धुऊन, रंग खरवडून माझ्या टेबलावर येतं. मी तो भाग चुंबकाने भारते, वर लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेलं पाणी सोडते, काळा पडदा ओढते आणि जांभळा दिवा लावते. पोलादाला कुठे चीर असेल तर भुकटी तिथे जमते आणि हिरवी चमकते. मागच्या आठवड्यात एका दांड्यावर, जोडाच्या अगदी कडेला, नखाच्या कडेएवढी रेघ दिसली. दिवा बंद करून साध्या उजेडात बघितलं तर काही नाही, बोट फिरवलं तरी काही नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा भारलं, पुन्हा तिथेच. मग लाल टॅग. तो दांडा बाद. तशाच बाकी सगळ्या दांड्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि नवा येईपर्यंत ती गाडी शेडमध्ये. भुसावळला गाडी लागली की चाकांवर हातोडी टणटण करत जाणारा माणूस आठवतो का? तुम्ही म्हणायचात, त्याला आवाजावरून कळतं. तेच काम करते मी, फक्त अंधारात.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. इथे धडधाकट मोठी माणसं कोस्टर *मोजतात*. एका कोस्टरवर एकदा बसलं की एक 'क्रेडिट'. आपल्याकडे पोरं गड मोजतात ना, "माझे दीडशे झाले", तसं. पण गड चढायला दम लागतो, इथे नुसतं बसायचं असतं! संख्या वाढावी म्हणून साठीची माणसं लहान मुलांच्या अळीच्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसतात. त्यातून वाद. हर्षीच्या पार्कात १९९६ चा वाइल्डकॅट नावाचा लाकडी कोस्टर होता. २०२२ मध्ये तो बंद केला, बराचसा लाकडी सांगाडा ठेवून वर पोलादी रूळ टाकले आणि २०२३ मध्ये नव्या नावाने उघडला. तर याचं क्रेडिट नवं की जुनंच? आमच्या शेडमधले दोघं यावरून दोन दिवस बोलत नव्हते.

राइड गेली की सुतकच. इथे जवळच जॅक्सनला 'किंगडा का' नावाचा कोस्टर होता, २००५ चा, ४५६ फूट उंच. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर! हायड्रॉलिक मोटरी दोर खेचायच्या आणि गोफणीतला दगड सुटावा तशी गाडी सुटायची. कधी जोर कमी पडला तर माथ्याच्या अलीकडूनच मागे यायची. ते धरूनच बांधलेलं होतं, खाली ब्रेक वर यायचे आणि गाडी अलगद थांबायची. तर लोक देवाला काय मागायचे? आपली गाडी मागे येऊ दे! अशी यंत्रणा सांभाळणं म्हणजे हत्ती पोसणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो चालायचा थांबला आणि त्यानंतर जाहीर झालं की आता कायमचा. शेवटची फेरी मारायला मिळाली नाही म्हणून लोक किती चिडले! या वर्षी २८ फेब्रुवारीला सकाळी सुरुंग लावून पाडला. माझ्याबरोबरचा एक गृहस्थ पहाटे उठून लांबून बघायला गेला होता. परत आल्यावर दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्याच्या टेबलावर असा कुठला कुठला जुना बोल्ट, लाकडाचा तुकडा, सीटची पट्टी मांडलेली असते, देव्हाऱ्यासारखी. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं तेव्हा आपणही हळहळलोच की, पण गोराईहून बोल्ट कुणी घरी आणला नाही. मी हसले होते त्याला. नंतर घरी येऊन भुसावळच्या जुन्या क्वार्टरचा फोटो शोधत बसले.

असो. आता मुद्द्याचं.

बंटीच्या लग्नाला मला येता येणार नाही. जानेवारी ते मार्च आमचा मेगाब्लॉक असतो. एप्रिलमध्ये पार्क उघडायच्या आत सगळं जोडून, तपासून द्यावं लागतं. आई, तू विचारलंस, "चार दिवस पण सोडत नाहीत का?" खरं सांगू? मी विचारलंच नाही. ऑक्टोबरमध्ये या तपासणीची लेव्हल टूची परीक्षा पास झाले, आता अहवालावर माझी स्वतःची सही चालते आणि हा त्यातला पहिला हिवाळा. ओव्हरटाइमही याच तीन महिन्यांत मिळतो. बाबा आत्याच्या लग्नाला नाइट ड्युटी करून सकाळी तसेच मांडवात उभे राहिले होते, हे माहीत आहे मला. आठवण करून देऊ नका.

पैसे सोमवारी टाकले आहेत, तीन लाख. हॉलचे उरलेले आणि आचाऱ्याचे त्यातून द्या. माझ्या शैक्षणिक कर्जाचे आता सातच हप्ते राहिलेत, त्याची काळजी नको. बाबांनी त्यातले वाचवून बँकेत टाकू नयेत, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जावं. ते चार तपासण्या टाळतायत असं बंटी म्हणाला. बाबा, हे बरं नाही.

जळगावच्या स्थळाचं मार्चनंतर बोलू. मुलगा चांगला असेलही. त्याच्या आईने "मुलगी परत येऊन पाळण्याचं काम सोडेल ना" असं विचारलं, त्यावर तू काय म्हणालीस ते सांगितलं नाहीस.

करवली म्हणून चिंगीला उभी करा. माझी मोरपंखी पैठणी लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, ती तिलाच द्या, तिला लांबीला बसेल. मुहूर्त दुपारी १२.३५ चा, म्हणजे इथे रात्रीचे २.०५. मी जागी असेन. फोन कोण धरणार ते आधी ठरवा. मागच्या वेळी काकांनी मंगलाष्टका होईपर्यंत छताचा पंखा दाखवला होता.

तुमची,
ताई