लालबागच्या वाचनालयातल्या ताईंना

ताई,

तुम्ही निवृत्त होऊन कोकणात गेलात, मागोमाग वाचनालयही बंद झालं. पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणी ना कुणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

२००८ चा पावसाळा. मी एफवायला होते. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी पुस्तक पाहिलं की हात मागे घेणारी. तुम्ही लुंग उंगचं 'फर्स्ट दे किल्ड माय फादर' माझ्यासमोर ठेवलंत आणि त्यावर वीरकरांची डिक्शनरी. ती खरं तर घरी न्यायला मिळत नसे. "शब्दाशब्दाला थांबू नकोस. अगदीच अडलीस तर संध्याकाळी ये," म्हणालात. मी दीड महिना येत राहिले. वाचनालयाची वेळ संपल्यावरही तुम्ही माझ्यासाठी कोपऱ्यातली एक ट्यूबलाइट चालू ठेवायचात. पहिले आभार त्या उजेडाचे.

पुस्तकातली लुंग, पाच वर्षांची मुलगी. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेचे सैनिक कंबोडियाच्या राजधानीत, फ्नॉम पेन्हमध्ये, शिरतात आणि सगळ्या शहराला सांगतात, तीन दिवसांसाठी बाहेर पडा. वीसेक लाख माणसं चालू लागतात, दवाखान्यातले रुग्णसुद्धा. ते तीन दिवस पावणेचार वर्षं चालले. तेवढ्या काळात त्या छोट्याशा देशातली सतरा ते वीस लाख माणसं मेली. वडील सरकारी नोकरीतले, म्हणून घरच्यांना ओळख लपवून गावोगाव फिरावं लागतं. एके दिवशी दोन सैनिक येतात, बैलगाडी चिखलात रुतली आहे, उद्या परत पाठवतो म्हणून वडिलांना घेऊन जातात. ते पान वाचलं त्या रात्री मी दाराची कडी दोनदा तपासली. बाबा आत झोपले होते, तरीही.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते दुसऱ्याच एका प्रसंगानं. भुकेनं कासावीस झालेली ती मुलगी रात्री घरच्याच डब्यातून मूठभर तांदूळ चोरते. घरच्यांच्या तोंडचे. आणि ही गोष्ट मोठेपणी, न लपवता, लिहून ठेवते.

पुस्तक परत करताना मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. चहा मागवलात आणि म्हणालात, "आता हे घरी कुणाला तरी सांग. मराठीत सांग."

मी बाबांना सांगितलं. ते भाऊच्या धक्क्यावर हमाली करायचे. मूळ गाव बीड जिल्ह्यात. गावाबद्दल कधीच बोलत नसत, आम्हीही विचारत नसू. तांदळाच्या मुठीपाशी आले तेव्हा त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. मग १९७२ चा दुष्काळ बाहेर आला. आजी खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी दहा वर्षांचे बाबा घरी आणायचे. वाटेत त्यातली थोडी खायचे. घरी धाकटी बहीण वाट बघत असायची. ती त्या वर्षातून वाचली नाही.

मला एक आत्या होती हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तिचं नाव बाबांच्या तोंडून मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आईनंसुद्धा.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. तसं बाबांनीच म्हणू दिलं नाही. "आमच्याकडं पाऊस पडला नव्हता, बाई. त्यांच्याकडं भात पिकत होतं," म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापानं नरसंहार म्हणजे काय ते इतक्या कमी शब्दांत सांगितलं. लोकांनी राबून भात पिकवलं आणि 'अंगकार'नं, म्हणजे ख्मेर रूजच्या त्या संघटनेनं, ते उचलून नेलं आणि पिकवणाऱ्यांना पातळ पेजेवर ठेवलं. पुढे मी या विषयावर पुष्कळ वाचलं, पण बाबांचं ते वाक्य मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही.

त्या रात्रीनंतर बाबा बोलायला लागले. एकदम नाही, सणावाराला, कधी जेवताना, थोडं थोडं. तुम्ही ते पुस्तक माझ्यासमोर ठेवलं नसतंत तर त्यांची ती धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच संपली असती.

ताई, माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. तिला मी आत्याचं नाव दिलं. बाबा थकलेत, पण ती शाळेतून यायच्या वेळेला गॅलरीत उभे राहतात आणि खाली ती दिसली की चाळभर ऐकू जाईल अशी त्या नावानं हाक मारतात.

तुमची,
कोपऱ्यातल्या ट्यूबलाइटखाली बसणारी